झबली मोजावीत दांडीवर

डोहाळजेवण उरकलं. डॉक्टरांनी जुलैचा तिसरा आठवडा सांगितलाय आणि तुझ्या विरारच्या घरात पिशव्या यायला लागल्या आहेत. जावेकडून बोरिवलीची, मामेबहिणीकडून आगाशीची आणि कॅनडातल्या चुलतभावाने पाठवलेली ती मोठी बॅग, जी अजून दारामागेच उभी आहे म्हणतेस. परवा फोनवर म्हणालीस, “आत्या, बाळ झाल्यावर बघीन सावकाश.” बाय, बाळ झाल्यावर सावकाश काही होत नाही, ते एक असो. पण तेव्हा ऊन नसतं, ही खरी अडचण. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस धरतो आणि पुढे गणपती होईपर्यंत हवा ओलीच असते. म्हणजे तुझी मुदत जुलैची नाहीच, मृगाची आहे. वैशाखाचं ऊन आत्ता गच्चीवर फुकट पडलंय. सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं असेल तर सेक्रेटरीकडून आठवडाभर किल्ली मागून घे आणि कारण सांग. पोटुशीला कोणी नाही म्हणत नाही. पिशव्या वर न्यायचं काम नवऱ्याचं. तू सकाळच्या सावलीत खुर्ची टाकून बस आणि निवड.

पिशवी उघडल्यावर लगेच “अगंबाई, किती छोटंसं” म्हणत घड्या उलगडायला लागू नकोस. आधी वास घे. जुन्या कपड्याची निम्मी हकिकत वासातच कळते आणि आपल्या भागात तीन वास ओळखता आले की पुरे.

पहिला कुबट. कपडा नीट वाळायच्या आत घडी घातली गेली की हा वास येतो, आणि अर्नाळा-आगाशीकडे समुद्राच्या अंगाला असलेल्या घरांत तो फार. अशा कपड्याची शिवण आणि इलॅस्टिक ताणून बघ. काळे-करडे ठिपके दिसले तर बुरशी आहे. सुती असेल तर उकळत्या पाण्यातून काढ, दोन उन्हं दे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हुंग. वास गेला की ठेव, डाग राहिला तरी चालेल. लोकरीत किंवा फ्लीसमध्ये बुरशी शिरली असेल तर मात्र नाद सोड.

दुसरा खवट, तो तेलाचा. आपण बाळांना खोबरेल चोळचोळून न्हाऊ घालतो. ते तेल मानेजवळ आणि काखेत कपड्यात मुरतं आणि वर्षभर पेटीत पडून खवट होतं. छातीवरचे पिवळे डाग मात्र दुधाचे. ठेवताना कपडा स्वच्छ दिसत होता अशी शपथ तुझी जाऊ घेईल, आणि ती खोटं बोलत नसेल. ते डाग पेटीत राहूनच वर येतात. दूध आधी गार पाण्यात भिजवायचं, कारण कढत पाणी आधी पडलं की दुधातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात. तेलाला उलट कढत पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा लागतो. तेव्हा रात्रभर गार पाणी, सकाळी कढत, मग लिंबाची फोड चोळून ऊन. एवढ्यावर राहिला तर तो डाग त्या कपड्याचाच झाला असं समज.

तिसरा वास डांबरगोळ्यांचा, आणि इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या त्या पांढऱ्या गोळ्या बहुतेक नॅफ्थलिनच्या असतात. त्यांची वाफ कपड्यात मुरते आणि बाळाच्या श्वासातून, कातडीतून आत जाते. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो, आणि बाळ दिसायला धडधाकट असतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलिन गेलं की तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने चढते आणि वेळेत उतरवली नाही तर मेंदूला इजा होते. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ सालीच नवजात बाळांमधले असे प्रकार नोंदवून छापले होते. गोळ्यांत ठेवलेले कपडे आणि पांघरुणं हेच कारण. आपली तर जास्तच पंचाईत, कारण नॅफ्थलिन तेलात विरघळतं आणि आपली बाळं रोज तेलाने माखलेली असतात. “धुतलं की जातं गं” म्हणणाऱ्या बायका तुला भेटतील. वास येतोय तोवर काही गेलेलं नाही. पहिल्या काही महिन्यांच्या मापाचे असे कपडे सरळ बाजूला काढ. पाठवणारीला कळवायची गरज नाही. तुझ्या स्वतःच्या कपाटातल्या आणि न्हाणीघरातल्या गोळ्याही आजच काढून टाक. कपडे जपायला वेखंडाची कांडी नाहीतर कडुलिंबाचा कडक वाळलेला पाला पुरतो. आमच्या आईच्या पेटीत दुसरं काही नसायचं.

धुताना पाणी बघून धू. नळाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं तो दिवस धर. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर धाग्यात बसतो आणि मऊ म्हणून घेतलेलं झबलं पापडासारखं वाजायला लागतं. जड पाण्याला इलाज नसेल तर शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाल. वासाचं कंडिशनर लंगोटांना लावू नकोस, कापड गुळगुळीत होतं पण ओल शोषत नाही. जंतुनाशकात बुडवून ठेवण्याची आता टूम निघालीय, तिचीही गरज नाही. कढत पाणी, साबण आणि ऊन यांनी काम होतं.

आता वयाचं. कपड्याच्या मानेला ‘तीन महिने’, ‘सहा महिने’ अशी चिठ्ठी असते. तिच्यावरून लावलेले ढीग दिसायला छान दिसतात आणि उपयोगाला येत नाहीत, कारण बाळ तेवढं होईल तेव्हा बाहेर कोणता महिना असेल ते चिठ्ठीला ठाऊक नसतं. तुझं गणित असं: बाळ ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन महिन्यांचं, नाताळात पाचाचं, संक्रांतीला सहाचं आणि एप्रिल-मेच्या घामात नऊ-दहा महिन्यांचं. म्हणजे गरम कपडा लागणार तो पाच ते सात महिन्यांच्या मापाचा, तोही पातळ. वसईची थंडी असून असून किती असणार! जन्मल्या मापाचे तीन लोकरी स्वेटर आलेत म्हणतेस, त्यातला एक ठेव पावसाळी रात्रीसाठी. कॅनडाच्या बॅगेतला अस्वलाच्या कानांचा तो जाड सूट बाळाला अंगासरशी येईल तेव्हा इथे वैशाख तापलेला असेल. दिवाळीच्या सुमारास मोठा होत असला तरी चढवून एक फोटो काढ, भावाला पाठव, आणि बॅग बंद कर. बाळाच्या अंगावर घामोळं उठवून कुणाचं मन राखायचं नसतं.

तिकडचे कपडे मापालाही फसवतात. आपल्याकडची बाळं साधारण पावणेतीन-तीन किलोची जन्मतात, तिकडची साडेतीनच्या आसपास. त्यामुळे परदेशी ‘न्यूबॉर्न’ आपल्या बाळाला पहिले काही आठवडे ढगळ होतं. ढगळ चालतं, फक्त गळा एवढा मोठा नको की कापड हनुवटीवर, नाकावर चढेल. एक चांगलं बसणारं झबलं समोर अंथरून बाकीचे त्याच्यावर ठेवून माप लावायचं, चिठ्ठी वाचायचीच नाही.

किती ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक पहिलटकरीण विचारते आणि प्रत्येकीला वेगळा आकडा ऐकायला मिळतो. आकडा सांगणारी बाई पुण्याची आहे की वसईची, पौषात बाळंत झाली की आषाढात, हे आधी विचार. झबली-लंगोट मोजावेत ते वाळायला किती वेळ लागतो त्यावर. सुती लंगोट वैशाखात तासाभरात वाळतो. आषाढात त्याला दोन दिवस लागतात आणि तरी शिवणीत ओल राहते. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज भिजवतं. दोन-अडीच दिवसांचे म्हणजे तीस धर. हेच बाळ मे महिन्यात झालं असतं तर पंधरात भागलं असतं. झबली दिवसाला चार, म्हणून डझनभर. टोपरी तीन, दुपटी सहा. रात्री डायपर लावणार असशील तर लंगोट वीस पुरेत. डायपर लावल्याने आई आळशी ठरते असं म्हणणाऱ्या बाईने आषाढात रात्री दोनला लंगोट बदलून दाखवावेत.

खरं तर यापुढे लागत काहीच नाही. राज्य सरकारने २०१९ च्या जानेवारीत बेबी केअर किटची योजना आणली: सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालं की साधारण दोन हजार रुपयांचं किट, त्यात कपडे, छोटं अंथरूण, टॉवेल, मच्छरदाणी असं. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब घरच्या आणि १९४९ पासून सगळ्याच बाळंतिणींना अशी पेटी देतात. आपला बाळंतविडा म्हणजे तरी काय, अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं. शहाण्या माणसांनी जिथे जिथे विचार करून यादी केली, तिथे ती आखूडच झाली. तुझ्याकडे आलेल्या कपड्यांत तीन बाळं वाढतील. तेव्हा ‘ठेवू का’ असा प्रश्न पडला की उत्तर ‘नको’ धर.

ठेवलेला प्रत्येक कपडा उलटा कर. हे काम कंटाळवाणं आहे, आणि यातच खरी नजर लागते. हातमोजे-पायमोजे आधी घे. आत सुटलेला दोरा असेल तर तो बाळाच्या बोटाला वेढा घालतो. बाळ रडत राहतं, कुणाला कारण कळत नाही आणि बोट निळं पडतं. लांब केसानेही हेच होतं, आणि बाळंतपणानंतर तुझे केस गळणार आहेत, म्हणून धुतल्यावरही मोजे रोज उलटे करून बघायचे. टोपऱ्याचे बंद हनुवटीखाली बांधायचे असतील तर ते बाळ जागं असेपर्यंतच. झोपताना टोपरं काढ, निदान बंद तरी सोड. मानेशी नाडी ओवलेली असेल तर कापून टाक. सैल बटण आजच पक्कं शिव किंवा काढ. आपल्या खाऱ्या हवेने प्रेसबटणं गंजतात. गंज धरलेलं झबलं कितीही गोजिरं असलं तरी नको. इलॅस्टिक मेलेलं असेल तर बदलता येतं, पण घट्ट असेल तर ते जास्त वाईट, कमरेला काचतं. कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर पाण्याचा थेंब टाक: सुती लगेच पितं, नायलॉनवर थेंब उभा राहतो. आणि भरतकामाची, जरीची आतली बाजू स्वतःच्या ओठांवरून फिरव. ओठाला टोचलं तर बाळाला टोचणारच.

पहिल्या तीन महिन्यांना पुढून उघडणारी, बाजूला बंद असलेली झबलीच ठेव. डोक्यातून घालायच्या टी-शर्टला बाळाची मान सावरेपर्यंत वाट बघू दे. नाळ पडेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, लंगोटाची कड बेंबीच्या खाली राहील असं बांधायचं. डाव्या दंडावर जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात; महिना-दीड महिन्याने तिथे फोड येतो, तेव्हा बाही सैल हवी. आणि सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या सुया बहुतेक मांडीत असतात. त्या दिवसांसाठी घट्ट पायजमे सोडून तीन सैल चड्ड्या वेगळ्या काढून ठेव, दवाखान्यात तारांबळ होणार नाही.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला जुनंच घालतात, तेही एखाद्या गुटगुटीत, चांगल्या वाढलेल्या पोराचं. सोय बघ: बाळ यायच्या आधी नवी खरेदी करायची नाही ही चाल सांभाळली जाते आणि बाळ उघडंही राहत नाही. शिवाय नव्या कापडात खळ असते, कच्चा रंग असतो. चार बाळांनी वापरून धुतलेलं झबलं त्या दृष्टीने केव्हाही बरं. बारशाला मात्र सगळे नवं आणतील, आणि त्यात जाळीचे नायलॉनचे फ्रॉक असणारच. ते घालायचेच असतील तर फोटोपुरते, आणि औक्षणाचं निरांजन जवळ आणायच्या आधी उतरव. नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. तुझ्या शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीकडे बाप्तिस्म्याचा पांढरा झगा आजीपासून चालत आलाय ना? तिला विचार, ते लोक तो कसा जपतात. साबणाचा कण न ठेवता धुतात, खळ न लावता ठेवतात, आणि घडी दर वर्षी मोडून दुसऱ्या रेघेवर घालतात, म्हणजे कापड एकाच ठिकाणी फाटत नाही. तुझ्या आजेसासूची कुंची तशीच ठेवायला हवी.

कपडे आले म्हणजे माणसंही आली. प्रत्येक पिशवी आल्याबरोबर विचारून घे, हे परत द्यायचंय का. संकोच करू नकोस. नंतरची कुरबुर इथूनच सुरू होते. परत द्यायच्या कपड्याला आतून रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाल, जावेचा लाल, मामेबहिणीचा निळा. पेनाने नाव लिहिलेलं धुण्यात जातं. परत करताना पिशवी रिकामी पाठवायची नाही. आगाशीची चार सुकेळी घातली तरी पुरे. मुलग्याचा निळा, मुलीचा गुलाबी असले वाद घालत बसू नकोस, तान्ह्याला रंग कळत नाही आणि मोठ्यांनी तेवढं सोसावं.

एक नाजूक गोष्ट. ज्या घरात तान्हं बाळ गेलं त्या घरचे कपडे घेऊ नयेत असं म्हणतात. मी ते मानत नाही. त्या बाईकडे आपण होऊन मागायचं नाही, विषयही काढायचा नाही. पण तिने स्वतः आणून दिले तर दोन्ही हातांनी घे, त्यातलं एक तरी बाळाला घाल आणि तिला बोलावून दाखव. सासूबाई कुरकुरल्या तर माझं नाव सांग.

न ठेवलेल्यांचे दोन भाग कर. फाटकं, विटलेलं, बटणं गेलेलं ते बोहारणीला, नाहीतर मऊ सुती तुकडे गोधडीत. धडके, गरम आणि स्वच्छ ते वेगळे ठेव. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं तान्ह्या मुलांसह वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उघड्या माळावर झोपडी, पहाटेचं गार. ते लोकरी स्वेटर आणि तो अस्वलाचा सूट तिथे लागेल, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर नाही. मार्गशीर्षाच्या आत ने, मापाप्रमाणे जोड लावून ने, आणि जे स्वतःच्या बाळाला घातलं नसतं ते तिथेही नेऊ नकोस.

उरलं बांधाबांधीचं. बाळंतपण माहेरी म्हणजे कपडे तीन ठिकाणी लागतील. दवाखान्याच्या पिशवीत पाच झबली, दहा लंगोट, दोन टोपरी, तीन दुपटी, सगळं धुऊन, इस्त्री करून, एका स्वच्छ उशीच्या अभ्र्यात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती दाराशी तयार हवी. बाकीचं तीन महिन्यांचं भुईगावला आमच्याकडे आण, मोठ्या मापाचं तुझ्या घरी राहू दे. आणि कप्पे लावताना नवऱ्याला शेजारी उभा कर. विरार लोकलने लोंबकळत येतो, दमतो, सगळं खरं. पण लंगोट कुठल्या कप्प्यात आहेत हे त्याला अंधारात हाताने कळलं पाहिजे.

इथे आल्यावर वाळवायची काळजी करू नकोस. माजघरात दांडी आहे, पंखा आहे, आणि वाळल्यासारखं वाटलं तरी प्रत्येक शिवणीवरून मी इस्त्री फिरवीन. शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर झबली वाळवायची आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची आमची जुनी पद्धत आहे, ती मी पडवीत करीन. खोलीत नाही; बंद खोलीतल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाला कळतसुद्धा नाही, आणि धुराने तान्ह्याची छाती भरते. तुझी आई याच्यावरून माझ्याशी भांडेल. भांडू दे.

रविवारी येताय तर गाडी घेऊन या. माळ्यावरची पत्र्याची पेटी मी धुऊन उन्हात ठेवली आहे, मोठ्या मापाच्या कपड्यांना तुला तीच बरी. कडी मोडलीय तिची, बांधायला सुतळी घेऊन ये.